उणे दहा वर्षांची वधू

वधूचं वय उणे दहा आलं, तेव्हा नवरा मुलगा माझ्या पाठीमागे सायकलवर बसून जोरजोरात पेडल मारत होता.

"मॅडम, झालं का?" त्याने धापा टाकत विचारलं. "मांड्या भरून आल्या."

"थांबू नकोस. काहीतरी चुकलंय."

मी वधूची जन्मतारीख पुसून पुन्हा टाकली. बारा मार्च दोन हजार बारा. वयाच्या रकान्यात पुन्हा तेच, आणि खाली लाल अक्षरांत एक ओळ: 'वधू अज्ञान आहे. विवाहाची नोंद करता येणार नाही.' नवऱ्याची तारीख टाकून पाहिली. त्याचं वय उणे सहा आलं.

टेबलापलीकडे उभी असलेली ईश्वरी पिसाळ तेव्हा वीस वर्षांची होती. काळीसावळी, उंच, ओढणी कमरेला खोचलेली. तिने मान वाकडी करून पडद्यावर पाहिलं.

"उणे म्हणजे?"

"म्हणजे तू अजून जन्मली नाहीस," मी म्हटलं.

ती हसली. मीही हसले. हसले नाहीत ते भाऊसाहेब. आमचे ग्रामसेवक सोनटक्के भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ आले आणि त्यांनी उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचली. एक जानेवारी दोन हजार दोन.

"आतला सेल गेला," ते म्हणाले. "आता हा दर वेळी इथूनच सुरू होणार."

"तारीख बदलू या की."

"त्याचा पासवर्ड जिल्ह्याच्या साहेबांकडे."

जिल्ह्याचे साहेब कुठे होते, होते की नव्हते, हे कोणालाच माहीत नव्हतं. जगभरची वीज, फोन, बँका, गाड्या सगळं एका आठवड्यात बंद पडलं, त्याला त्या वेळी सहा वर्षं होत आली होती. का पडलं, हे आमच्या गावात, खडकवण्यात, शेवटपर्यंत कोणाला नीट कळलं नाही. आम्हाला एवढंच कळलं, की एके दिवशी एसटी आली नाही आणि मग कधीच आली नाही.

राहिला होता तो ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर. आमचा वायरमन दस्तगीर चाचा. त्याने दोन सायकली स्टँडवर पक्क्या बसवून, गाडीचा डायनॅमो आणि जुना इन्व्हर्टर जोडून तो चालू केला. दोन माणसांनी दम न खाता पेडल मारलं की तो चालायचा. ज्याचं काम त्याने आपली दोन माणसं आणायची, असा नियम झाला. मी तिथे ऑपरेटर होते. जग बंद पडायच्या चार महिने आधी मला ती नोकरी लागली होती.

कॉम्प्युटर कशाला हवा होता, असं आज पोरं विचारतात. त्याचं कारण पाणी. दुसऱ्या वर्षी बंधाऱ्यावर पाटाच्या पाण्यावरून कुऱ्हाडी निघाल्या आणि दोन माणसं मेली. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी कॉम्प्युटरमधून कुटुंबांची यादी काढून भिंतीवर चिकटवली. कोणत्या घराला कोणत्या वारी पाणी, ते त्यात होतं. यादी छापलेली होती, म्हणून लोकांनी ती मानली. हाताने लिहिली असती तर तिसरा मुडदा पडला असता. तेव्हापासून जन्म, मृत्यू, लग्न, वाटणी, सगळं मशीनमधून जायचं. मशीन हो म्हणालं तर हो. भाऊसाहेब रोज बरोबर पावणेदहाला येऊन कुलूप उघडत. पगार सहा वर्षं नव्हता. नियमाने ते निवृत्त व्हायला आले होते, पण त्यांना निवृत्त करणारं कोणी उरलं नव्हतं.

ईश्वरीचं लग्न म्हणूनच मशीनमधून जायला हवं होतं. तिचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले, आई त्याच्याही आधी. वडिलांची ओढ्याकाठची जमीन आणि गुरुवारची पाण्याची पाळी तोवर चुलत्याच्या, संपतरावाच्या ताब्यात होती. लग्न नोंदलं की तिचं वेगळं घर धरलं जाणार, आणि गुरुवार तिचा.

संपतरावाला बातमी लागायला वेळ लागला नाही. तासाभरात तो कचेरीच्या पायरीवर हजर झाला. आवाज चढवायचा नाही, हळू बोलायचं, ही त्याची रीत.

"मशीन न्हाय म्हणतंय असं ऐकलं."

"तांत्रिक अडचण आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"पानी वाटताना मशीन म्हणंल ते खरं, अन् आता अडचण? भाऊसाहेब, माझ्या भावकीतली दोन मानसं त्या बंधाऱ्यावर मेली. तवा तुमी काय म्हनला हुता? मशीनला ना जात ना भावकी. म्हनला हुता का न्हाई?"

"म्हणालो होतो."

"मग पोरगी अज्ञान हाय. पालक मी. आता मला सांगा, अठरा कधी व्हायची ती?"

भाऊसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. त्यांचा प्रामाणिकपणा असा, की उत्तर अडचणीचं असलं तरी ते देत. "अठ्ठावीस वर्षांनी."

"ऱ्हाऊ दे. आपल्याला घाई न्हाई," संपतराव म्हणाला.

आणि दर वेळी पेडल थांबलं की मशीन परत एक जानेवारीवर. ती अठ्ठावीस वर्षं कधी सुरूच होणार नव्हती. हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. भाऊसाहेबांनाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे तंटे मिटवणाऱ्या समितीची बैठक लावली.

दुपारी मी ओढ्यावर धुणं धुत होते, तिथे ईश्वरी आली. शेजारच्या दगडावर बसली आणि माझ्या बादलीतली चादर उचलून पिळू लागली.

"मॅडम, तुमी हातानं का न्हाई लिहून टाकत?"

"भाऊसाहेब शिक्का मारणार नाहीत. आणि मारला तरी तुझा काका मानणार नाही."

"काका मला मामाकडं धाडायचं बघतोय. चार दिवसांची वाट, घाट वलांडून. तिकडं कोनतरी बघून ठेवलाय." तिने चादर झटकली. "प्रथमेशला मी सोडीन म्हनलं तर सोडता येईल. पन ती जमीन आबांनी कुदळीनं फोडलीय, मॅडम. मी खडं येचलेत. पाच वर्षांची हुते तवापासून."

सहा वर्षांत अर्जाशिवाय मी एक कळ दाबली नव्हती. भाऊसाहेबांचा नियमच तसा होता, आणि मला तो आवडायचा. बाहेर सगळं वाहून गेलेलं असताना त्या खोलीत तेवढं एक घट्ट होतं.

ईश्वरीने चादर घडी करून दगडावर ठेवली. मग म्हणाली, "पालक म्हणून नाव चढवायला काय लागतं?"

"पालक नेमणुकीचा अर्ज. पालकाचं नाव, जन्मतारीख, सही."

"कागद हाय का एखादा?"

दुसऱ्या दिवशी समिती बसली. समितीत तिघं होती: संपतराव, दस्तगीर चाचा आणि गजराबाई. गजराबाई सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, गावातली निम्मी बाळंतपणं तिने केलेली. भाऊसाहेब सचिव म्हणून खुर्चीत. बाहेर ओट्यावर निम्मं गाव. सायकलींवर आज संपतरावाची दोन्ही पोरं होती, कारण हरकत त्याची होती.

ईश्वरी पुढे आली आणि तिने भाऊसाहेबांच्या हातात अर्ज दिला. "मी अज्ञान हाय हे मला मान्य हाय. काकाला माझा पालक म्हणून रीतसर नोंदवून घ्यावं."

ओट्यावर कुजबुज झाली. प्रथमेश खिडकीतून आत डोकावत होता, त्याचा चेहरा उतरला. संपतरावाने पुतणीकडे पाहिलं, आणि मला अजून आठवतं, त्याचे डोळे क्षणभर ओले झाले. "शाणी हाय पोरगी," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

भाऊसाहेबांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. मी नाव टाइप केलं. जन्मतारीख चार जून एकोणीसशे शहाऐंशी. एन्टर दाबलं आणि पडद्यावर जे आलं ते नेहमीच्या आवाजात वाचलं.

"वय पंधरा. पालक अज्ञान आहे. नोंद करता येणार नाही."

सायकली चालत राहिल्या. बाकी सगळं थांबलं.

"काय?" संपतराव म्हणाला.

"तुम्ही पंधरा वर्षांचे आहात," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, चिंता होती. "पंधरा वर्षांचा इसम पालक होऊ शकत नाही. समितीत तर नाहीच. संपतराव, तुम्हाला तिथून उठावं लागेल."

"मला नातवंड हाय!"

"ते आपण नंतर बघू."

संपतरावाने पहिल्यांदा आवाज चढवला. "अन् ही? ह्या बाईचं टाका की वय!"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी माझी तारीख टाकली. उणे दोन.

दस्तगीर चाचा इतका वेळ इन्व्हर्टरला हात लावून बसला होता. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि खरोखरच काळजीने विचारलं, "मग बटन कोन दाबतंय?"

मी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला माझे हात परके वाटले.

"माझंही पाहा," भाऊसाहेब म्हणाले.

"भाऊसाहेब, तुमचं कशाला?"

"नियम सगळ्यांना एक."

त्यांचं सत्तावीस आलं. मला हायसं वाटलं. पण ते स्वतःशीच पुटपुटत होते, "मी नोकरीत लागलो दोन हजार पाच साली. म्हणजे आज मी ग्रामसेवक नाही." आणि ते खुर्चीतून उठले. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि भिंतीला टेकून, नागरिकांनी उभं राहावं तसे उभे राहिले. ओट्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं, पण लगेच गप्प झालं. त्यांना पाहून हसवेना.

"आता?" गजराबाईने विचारलं.

"आता संपतरावांना पालक लागेल," भाऊसाहेब भिंतीजवळून म्हणाले. "वडील हयात नसतील तर थोरला सज्ञान भाऊ. मॅडम, बघता का? अर्ज मी मागाहून लिहून देतो."

थोरला भाऊ म्हणजे ईश्वरीचे वडील, राजाराम पिसाळ. मी नाव टाकलं. त्यांच्या मृत्यूची तारीख मीच नोंदली होती. पण मशीनच्या लेखी ती तारीख अजून यायची होती.

"राजाराम पिसाळ. वय वीस. अविवाहित. हयात," मी वाचलं.

"हयात आहेत," भाऊसाहेब म्हणाले. "सज्ञान आहेत. जमीनही मग त्यांचीच. संपतराव, तुमच्या पालकांना बोलावून आणा. तुम्ही आणि ते मिळून ठरवा."

संपतराव टेबलाजवळ आला. दोन्ही हात टेबलावर टेकून त्याने पडद्यावरच्या त्या नावाकडे पाहिलं.

"दादा मेलाय," तो म्हणाला.

"मशीनमध्ये हयात आहेत."

"मेलाय! मी खांदा दिलाय त्येला. मीच अग्नी दिला. लाकडं वली हुती, पेटत न्हवती, मी फुंकून फुंकून..." त्याचा आवाज फाटला. "खोटं बोलतंय तुमचं मशीन!"

सायकलवरच्या त्याच्या पोरांनी बापाला असं कधी पाहिलं नसावं. एकाचा पाय अडखळला, पडदा लुकलुकला.

"थांबू नगा रं!" गजराबाई एकदम ओरडली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती काठी टाकून उठली होती. टेबलाला धरत धरत ती माझ्या शेजारी आली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बाई, ह्यात माझा किसन हाय का गं?"

तिचा किसन हायवेवर ट्रकखाली गेला होता, जग चालू असतानाच, एकवीस वर्षांचा असताना. मी अर्ज मागितला नाही. नाव टाकलं.

"किसन. वय तेरा. शिक्षण सातवी. हयात."

"सातवीत," ती म्हणाली. "मंजे त्येच्या गुडघ्याला लागल्यालं हाय आता. पडला हुता सातवीत." तिने पडद्याला बोट लावलं, अगदी अलगद, बाळाच्या अंगाला लावावं तसं. "जेवलाय का म्हनून कळतं का गं ह्यात?"

"नाही, आजी."

"ऱ्हाऊ दे. हाय न्हवं. ऱ्हाऊ दे."

संपतरावाची पोरं घामाने निथळत होती, पण आता त्यांनी वेग वाढवला होता. ओट्यावरची माणसं आत आली. कोणी काही मागत नव्हतं, नुसती येऊन टेबलाभोवती उभी राहत होती. मग एक बाई तिच्या बहिणीचं नाव बोलली. एका म्हाताऱ्याने आईचं. मी नावं टाकत गेले, वाचत गेले. हयात. हयात. हयात. कोणी रडत नव्हतं. माणसं मान डोलवत होती, बाजारात ओळखीचं कोणी दिसल्यावर डोलवतात तशी.

शेवटी भाऊसाहेब भिंतीपासून हलले. "सुलोचना सोनटक्के," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी अंधाराच्या पहिल्याच वर्षी साध्या तापाने गेल्या होत्या. ती नोंद करताना भाऊसाहेबांनी माझ्याकडून मृत्यूचं कारण तीनदा वाचून घेतलं होतं, शुद्धलेखनाची चूक राहू नये म्हणून.

"वय चोवीस. हयात," मी वाचलं.

ते पाहत राहिले. सायकलींचा आवाज आणि पोरांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला आणि पोरांकडे वळून म्हणाले, "बाळांनो, दमलात. आता थांबा."

"भाऊसाहेब, अजून थोडा वेळ," कोणीतरी म्हणालं.

"थांबा," ते म्हणाले.

पोरांनी पाय सोडले. चाकं आपोआप फिरून फिरून थांबली आणि पडदा काळा झाला.

भाऊसाहेबांनी कपाट उघडलं. तळाशी वीज गेली तेव्हापासून न उघडलेली एक जाड नोंदवही होती. तिच्यावरची धूळ त्यांनी बाहीने पुसली, दौतीत थोडं पाणी घातलं, खुर्ची ओढली आणि बसले.

"संपतराव, तुम्ही समितीसमोर सांगितलंत की मशीन खोटं बोलतंय. ते मी लिहून घेऊ का?"

संपतराव कोपऱ्यात उकिडवा बसला होता. त्याने वर न बघता मान हलवली. "घ्या."

"ईश्वरी राजाराम पिसाळ. वय?"

"वीस," ती म्हणाली.

"प्रथमेश, तू आत ये. खिडकीतून लग्न लागत नाही." त्यांनी लिहिलं. मग टाक थांबला. "आज तारीख काय?"

कोणालाच माहीत नव्हती. तारखेसाठी सगळे इतकी वर्षं मशीनकडेच यायचे.

"चंपाषष्ठी होऊन नऊ दिस झालं," गजराबाई म्हणाली.

भाऊसाहेबांनी तसंच लिहिलं. चंपाषष्ठीनंतर नववा दिवस. शिक्का मारला. पुढच्या गुरुवारी पाटाचं पाणी ईश्वरीच्या शेतात गेलं. फावडं घेऊन बांधावर प्रथमेश होता, आणि दारं मोडायला, म्हणजे पाटाचा बांध फोडून पाणी शेतात वळवायला, संपतराव. पुतणीशी तो पुढे वर्षभर बोलला नाही, पण पाण्याला आड आला नाही.

दहा-बारा दिवसांनी दस्तगीर चाचा शाळेच्या पडक्या खोलीतून एक सेल शोधून घेऊन आला. बटणाएवढा, चकाकता. "चालतोय. टाकला की एक तारखेची दोन तारीख तरी हुईल," तो म्हणाला.

भाऊसाहेबांनी तो तळहातावर घेऊन पाहिला आणि परत दिला. "नको. राहू दे तसंच."

त्यानंतर मशीनवर कसलीच नोंद झाली नाही. नोंदी वहीत होऊ लागल्या आणि लोकांनी त्या मानल्या, कुऱ्हाडी निघाल्या नाहीत. मशीनसाठी मात्र अर्ज येत राहिले. विषयाच्या जागी लोक 'भेट' असं लिहायचे. पहिला अर्ज संपतरावाचा होता. तो आपल्या पोरांना घेऊन यायचा, भावाचं नाव लावायला सांगायचा आणि समोर स्टुलावर बसून पिकापाण्याचं बोलायचा. पोरं दमली की उठून जायचा.

मशीन त्यानंतर चार वर्षं चाललं. त्यातली शेवटची दोन वर्षं भाऊसाहेबांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, तरी ते यायचे. एका दुपारी कचेरीत ते, मी आणि चाचा असे तिघंच होतो. अर्ज संपले होते. भाऊसाहेबांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांचं बघता. तुमचं कोणी बघायचं नाही का?"

"माझा अर्ज नाही," मी म्हटलं.

"लिहा मग."

मी लिहिला. त्यांनी तो वाचला, आवक क्रमांक घातला आणि धोतर आवरून सायकलवर बसले. दुसरीवर चाचा. दोन म्हातारी माणसं कण्हत कण्हत पेडल मारू लागली. पडदा उजळला. मी आईचं नाव टाकलं. माझी आई साखरेच्या आजाराने गेली होती. इंजेक्शनं संपली आणि पुढच्या पंधरवड्यात ती संपली.

नाव आलं. वय एकवीस. विवाहित. व्यवसाय: घरकाम. अपत्ये: निरंक.

मी कीबोर्डवर हात तसेच ठेवून वाचत राहिले. मागून भाऊसाहेबांचा धापा टाकणारा आवाज आला.

"दिसल्या का?"

"दिसली," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा लहान आहे."